पळवाट

सुप्याच्या टपरीवरचा दुसरा चहा संपत आला, तरी वाद संपत नाही. वाद तुम्हीच काढलात. दुपारी मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसल्या. परतताना ओढ्याच्या वाळूत वाटाड्यानं दोन माग दाखवले. हा लांडग्याचा, हा तरसाचा, आणि दोन्ही कालच्या रात्रीचे. तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय: हे दोघं समोरासमोर आले तर?

मित्र लांडग्याच्या बाजूनं आहे, तुम्ही तरसाच्या. मटणाच्या ताटाची पैज लागलीय.

बाकाच्या टोकाला आबा बसलेत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. टपरीमागच्या पडीक रानात त्यांची मेंढरं बसलीत. इतका वेळ ते बशीतला चहा फुंकत होते. आता म्हणतात, "कुस्ती लावायची म्हंजी आदी जोड बगावी लागती."

जोड बघू. दख्खनच्या माळावरचा लांडगा साधारण अठरा ते पंचवीस किलोंचा. सडपातळ, लांब तंगड्यांचा, तोंडात ४२ दात. तरस तीस-चाळीस किलोंचं. दात ३४च, पण मागच्या दाढा अशा की बैलाच्या मांडीचं हाड त्या उसासारखं फोडतात. त्याचा पुढचा भाग पैलवानाचा: मान जाड, मानेवरची कातडी जाड, खांदे भरलेले. मागचा भाग मात्र आखूड आणि उतरता, जणू घडवणाऱ्याची माती संपली. लांडग्याकडे वेग आहे, दम आहे आणि साथीदार आहेत. तरस बहुतेक वेळा एकटं फिरतं.

"जोड इषम हाय," आबा म्हणतात. "पण लावू शकता. आन् आखाडा कुठला धरलाय?"

आखाड्याचा विचार तुम्ही केलेलाच नाही. माळ आहे की एवढा, असं म्हणून तुम्ही हात हलवता. आबा बशी उपडी ठेवतात आणि पुढं बोलत नाहीत.

मग असं करू. पेला खाली ठेवा, मी तुम्हाला घेऊन जातो. काळ मागं फिरवू आणि तुमची कुस्ती शोधू. अट एकच: तुम्हाला कुणी बघणार नाही, तुमचा वास कुणाला येणार नाही, आणि तुम्हाला मध्ये पडता येणार नाही. तुम्हाला मात्र सगळं ऐकू येईल आणि सगळ्याचा वास येईल. वास जरा जास्तच आहे, हे आधीच सांगतो.

*

डिसेंबर १९७२. जागा हीच.

टपरी नाही, डांबरी रस्ता नाही. पायाखाली गवत शोधताय? गवतही नाही. पाऊस दगा देऊन गेलाय आणि माळ भाकरीच्या करपलेल्या पाठीसारखा दिसतोय. दिवसभर इथून जवळच दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. पोरांना सुकडी मिळाली. मोठ्यांनी मिलोच्या लालसर भाकरी पाण्याबरोबर ढकलल्या. आता रात्र आहे आणि थंडी बोटांच्या पेरांत शिरलीय.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक बैल पडलाय. मालकानं परवा त्याला इथवर ओढत आणलं आणि मागं वळून न बघता गेला. त्या वासानं तुम्ही नाकाला रुमाल लावता. दुष्काळात माळावर एवढ्याच एका गोष्टीचा सुकाळ असतो.

आधी लांडगे येतात, नर आणि मादी. आवाज नाही. चांदण्यात दोन राखी सावल्या उताराला लागलेल्या दिसतात आणि पुढच्या क्षणी त्या बैलापाशी असतात. नर पोटाकडून सुरुवात करतो. मादी चार घास खाते, मान वर करते, वारा हुंगते, पुन्हा खाते.

मग तिची मान खाली जातच नाही.

पलीकडच्या काठावर तरस उभं आहे. कान उंच आणि टोकदार, अंगावर काळे पट्टे. ते लंगडल्यासारखं चालत खाली उतरतं. ती लंगड नव्हे, त्याच्या आखूड मागच्या पायांची चालच तशी. दहा पावलांवर येऊन थांबतं. आणि आता बघा: मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ उभी राहते. तीस-पस्तीस किलोंचं जनावर डोळ्यांदेखत वासराएवढं होतं. तुम्ही श्वास धरता. सलामी झाली, आता कुस्ती लागणार.

नर लांडगा पुढं होतो, पण समोरून भिडत नाही. अर्धवर्तुळ घेऊन तरसाच्या मागं जातो, कारण जिथं माती कमी पडली ती जागा त्यालाही ठाऊक आहे. तरस गर्रकन वळतं, ढुंगण जमिनीला टेकवतं आणि जबडा हवेत आपटतं. खट्. तो आवाज तुमच्या दातांत उतरतो. लांडगा मागं उडी घेतो. दुसऱ्यांदा तो शेपटीकडून येतो. खट्. तिसऱ्यांदा मादी डावीकडून हूल देते, नर उजवीकडून घुसतो आणि मांडीच्या केसांचा एक पुंजका त्याच्या तोंडात येतो.

आता? आता नर लांडगा मान वळवतो आणि जमीन हुंगू लागतो, जणू तिकडे काही महत्त्वाचं काम निघालंय. तरस दोन पावलं टाकून बैलाच्या मागच्या तंगडीपाशी बसतं. कडाड् करून हाड फुटतं. लांडगे थोड्या वेळानं छातीच्या बाजूला परत येतात. पाऊण बैल मध्ये ठेवून तिघं जेवतात. मधूनमधून एखादी गुरगुर होते, पंगतीत आग्रह व्हावा तशी. लांडग्यांची पोटं भरली की ते निघून जातात. तरस पायाचा तुकडा तोंडात धरून उलट्या दिशेनं चालू लागतं.

तुम्ही माझ्याकडे बघताय. एवढंच?

एवढंच. या माळावर हाडवैद्य नाही. सुळा तुटलेल्या लांडग्याला उद्या ससा धरता येत नाही. पाय फाटलेल्या तरसाला मेलेल्या जनावराच्या शोधात रात्रभराची पायपीट करता येत नाही. जिंकणाऱ्यालाही जखमेचा खर्च येतोच, आणि तो बैलाच्या एका तंगडीत भरून निघत नाही. दोघांनी हिशेब केला आणि दोघांच्याही मागं चारी दिशा मोकळ्या होत्या. याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याची या तिघांना गरज पडली नाही.

निकाल हवा असेल, तर चारी दिशा बंद करणारं कुणीतरी शोधावं लागेल. चला.

*

१८६४. बडोदं.

गर्दी, धूळ, अत्तर आणि हत्तीचं मूत. गायकवाडांच्या राजधानीत तुम्ही उंच भिंतीच्या कडेला उभे आहात. आजूबाजूला मराठी ऐकू येतंय, गुजराती ऐकू येतंय. गादीवर खंडेराव महाराज आहेत आणि झुंजींचा त्यांना भारी शौक. पाहुण्यांत लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बसलाय. इथलं सगळं तो टिपून ठेवणार आहे, म्हणूनच आपल्याला इथं येता आलं.

खाली साठमारीचं मैदान आहे. आज मस्तीवर आलेला हत्ती सुटेल आणि भाले, फडकी घेतलेले साठमार त्याला चिडवतील. तुमची जोड आजच्या फर्मानात नाही. तरी मी तुम्हाला इथं आणलं ते मैदानासाठी नव्हे, भिंतीसाठी. नीट बघा. जाड भिंतीत जागोजाग अरुंद दारं ठेवलीत. हत्ती अंगावर आला की साठमार त्यातून सटकतो. हत्तीचं मस्तक भिंतीवर आपटतं आणि प्रेक्षक ओरडतात. कोल्हापुरातही साठमारीचं मैदान आहे आणि तिथंही युक्ती हीच: माणूस मावेल, हत्ती मावणार नाही.

बांधणाऱ्याला पळवाटेचं मोल पुरेपूर ठाऊक होतं. त्यानं ती मोजून मापून बांधली, फक्त एका बाजूसाठी.

आता मैदान रिकामं समजा आणि तुमच्या मनातली जोड आत सोडा. हलगी वाजू द्या.

पहिल्यांदा दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. भिंतीच्या कडेकडेनं धावतात. एक फेरी, दोन फेऱ्या. अरुंद दारांच्या आड माणसं भाले घेऊन उभी. तिसऱ्या फेरीत लांडगा थकत नाही, पण तरसाचा धीर सुटतो. ते कोपरा धरतं आणि मागचा भाग भिंतीला लावतं. झाली ना पंचाईत? लांडग्याचा सगळा डाव मागून होता, आणि मागं आता चुना आहे. समोर उरला जबडा. लांडगा झेप घेऊन मानेला धरतो, पण तरसाची मान चावे सोसायलाच बनलेली. तरसं आपापसांत भांडतात तेव्हाही गळ्याला धरतात. तरस मान झटकतं आणि लांडग्याचा पुढचा पाय दाढांत घेतं. उसाची गोष्ट तुम्हाला आठवते.

एकास एक, बंद भिंतीत, वजन एवढं विषम असताना मी तुमच्याच बाजूनं पैसे लावीन. तरस. पण हरखू नका. उघड्या मैदानात चार लांडगे सोडा, तरसाला भिंतीपासून दूर ठेवा, की पैजेचं ताट मित्राकडे सरकतं. म्हणजे निकाल जनावरांच्या अंगात कमी आणि मैदान आखणाऱ्याच्या हातात जास्त.

आणखी एक. कुत्र्यांनी घेरलं, पळायला जागा उरली नाही, की तरस कधीकधी मेल्याचं सोंग घेतं. अंग ढिलं सोडून पडून राहतं. हल्लेखोराचं लक्ष उडालं की उठून चालू लागतं. जमिनीवर पळवाट नसेल तर ते स्वतःच्या आत एक काढतं. माळावर हे सोंग खपतं. इथं खपणार नाही, कारण वर बसलेल्यांना खात्री करून घ्यायची असते.

तुमचा चेहरा उतरला. जिंकलात ना? चला, पुढं.

*

१६०७. लाहोरजवळ, जहांगीरपूर.

हवा गार, गवत कमरेएवढं. समोर नवा मनोरा उभा राहतोय. हा हिरन मिनार. या गावाला लोक पुढं शेखूपुरा म्हणतील, बादशहाच्या लाडक्या नावावरून. मनोऱ्याजवळ एक कबर आहे आणि तिच्यावर हरणाच्या आकाराचा दगड. आत मनसराज निजलाय. तो जहांगीर बादशहाचा काळवीट.

काळवीट म्हणजे पस्तीस-चाळीस किलोंचा ऐवज. तरसाच्याच वजनगटातला म्हणा. पकडून आणल्यावर महिनाभरात मनसराजचा रानटीपणा गेला आणि तो खास हरणांचा म्होरक्या झाला. पाळीव हरणांच्या झुंजीत आणि रानातली हरणं धरण्यात त्याला तोड नव्हती, असं खुद्द बादशहानं आपल्या आत्मचरित्रात नोंदवलंय. हरणांच्या झुंजी आणि त्यांवरच्या पैजा अकबराच्या दरबारातही रीतसर चालत. अबुल फजलनं त्यांचे नियम लिहून ठेवलेत. मटणाच्या ताटावर वाद घालणारे तुम्ही पहिले नव्हेत.

पण रानातली हरणं धरण्यात हरणाचा काय उपयोग? थोडं मागं जाऊ, मनसराज जिवंत असताना.

पहाट आहे. दव पडलंय. गवताच्या मोकळ्या पट्ट्यात एक रानटी काळवीट आपल्या जागेवर उभा आहे. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळदार. समोरून मनसराज येतो. रानटी काळवीट मान मागं टाकतो, नाक आभाळाकडे करतो, शेपूट वळवतो आणि ताठ पायांनी चालू लागतो. हरणांच्या भाषेत याचा अर्थ, ही जागा माझी, तू मागं फीर. बहुतेक वेळा समोरचा फिरतो आणि विषय संपतो. झुंज लागलीच तर शिंगात शिंग अडकतं, रेटारेटी होते आणि हलका गडी एका क्षणी शिंग सोडवून धूम ठोकतो. जिंकणारा चार पावलं पाठलाग करतो आणि थांबतो. त्याला जागा हवी असते, समोरच्याचा जीव नको असतो.

मनसराज मात्र फिरत नाही. त्याला फिरायचं शिकवलेलंच नाही. दोघं डोकी खाली घालतात. शिंगांचा खणखणाट तुम्हाला ऐकू येतो, माती उडते. रानटी काळवीट सरस ठरतोय. तो रेटा देतो, मनसराज दोन पावलं सरकतो, तीन पावलं सरकतो. तुम्ही नकळत मुठी आवळल्यात.

मग रानटी काळवीट शिंगं सोडवायला जातो आणि ती सुटत नाहीत.

मनसराजच्या शिंगांना फास बांधलाय. झटापटीत तो दुसऱ्याच्या शिंगांत, कानात, पायात गुंतलाय. काळवीट उसळी घेतो आणि दोर आवळतो. गवताआड लपलेली माणसं धावत येतात.

बघितलंत? इथं भिंत बांधायचीही गरज पडली नाही. झुंजीलाच दोर बांधला. जो जास्त त्वेषानं भिडला तो जास्त घट्ट अडकला. कदाचित मनसराजही एकदा असाच धरला गेला असेल.

त्याच्या मरणानंतर बादशहानं हुकूम काढला, की या रानात कुणी हरणाची शिकार करू नये. झुंजीत आयुष्य गेलेल्या जनावराच्या नावानं त्याच्या जातभाईंना इथं पळवाट मिळाली. बादशहांची माया अशी उशिरा येते.

*

इसवी सन ऐंशी. रोम.

इथं फार थांबायचं नाही. टायटस बादशहानं नवं दगडी अँफिथिएटर खुलं केलंय आणि शंभर दिवसांचा सोहळा चाललाय. वाळूवर एक गेंडा उभा आहे आणि त्याला लढायचं नाही. राखणदार घाबरत घाबरत त्याला टोचतात. तो जागचा हलत नाही. वेळ जातो. ठरलेली झुंज होतच नाही म्हणून लोक वैतागतात. पुढं एकदाचा तो भडकतो आणि अस्वलाला शिंगावर उडवतो. मार्शिअल नावाचा कवी यावर कविता करतो. रोमन लोकांनी यापेक्षाही सोपा उपाय काढला होता: बैल आणि अस्वल एकाच साखळीला बांधायचे. साखळीनं दोघांची मोकळी दिशा एका फटक्यात संपते.

तुम्ही म्हणता, निघू या. मी तेच म्हणत होतो.

*

अजून चारएकशे वर्षं मागं. शलातुर, सिंधूच्या पलीकडे.

इथं रक्त नाही, घाबरू नका. एका शांत घरात पाणिनी बसलेत आणि भाषेचे नियम बांधतायत. एक नियम आपल्या कामाचा आहे. ज्या प्राण्यांचं वैर कायमचं आहे, त्यांच्या नावांचा समास केला तर तो एकवचनी होतो. टीकाकार उदाहरणं देतात: मार्जारमूषक, अहिनकुल. म्हणजे मांजर-उंदीर, साप-मुंगूस. दोन जनावरं, पण शब्द एक आणि वचनही एक.

गंमत बघा. वैर जर कायमचं असेल, तर दोघं मिळून एकच वस्तू होतात, असं व्याकरण म्हणतं. तरसाला संस्कृतात तरक्षु म्हणतात, तिथूनच आपलं 'तरस' आलं. लांडगा म्हणजे वृक. भीमाची भूक सांगताना त्याला वृकोदर म्हटलं, तो हाच. पण त्या नेहमीच्या उदाहरणांच्या यादीत तरक्षु आणि वृक यांची जोड नाही. माळावर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशेजारी राहूनही ते शाश्वत वैऱ्यांत जमा झाले नाहीत.

मग ते कशात जमा होतात? ते बघायला परत पुढं यावं लागेल, आणि थोडं पश्चिमेला.

*

१९९४. नेगेवचं वाळवंट, इस्राएल.

सकाळ. कोरडी घळ, दोन्ही बाजूंना तांबूस कडे, उन्हानं तापायला लागलेला दगड. उत्तरेला दिमोना नावाचं गाव आहे. तिथं कोकणातून गेलेली बेने इस्राएल घरं आहेत आणि काही म्हाताऱ्या अजून मराठीत रागवतात. पण इथं, या घळीत, कुणीच नाही. फक्त वाळूत माग आहेत.

ओणवे व्हा. दुपारी सुप्याच्या ओढ्यात शिकलात ते आठवा. लांडग्यांचे माग ओळखलेत? आणि हा वेगळा, पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. तरस. तुम्ही म्हणाल, लांडग्यांच्या मागं मागं उष्टं खायला गेलं असेल. मग अजून जवळून बघा. काही ठिकाणी तरसाचं पाऊल लांडग्याच्या पावलावर पडलंय आणि थोडं पुढं लांडग्याचं पाऊल तरसाच्या पावलावर. मागून चालणाऱ्याचं पाऊल नेहमी वर पडतं. कधी हा वर, कधी तो वर, म्हणजे ते एकमेकांच्या मागं नव्हते. एकत्र चालत होते.

चार वर्षं पुढं सरका. १९९८, वाळवंट तेच. लांडग्यांचा कळप चाललाय. हे लांडगेही आपल्या माळावरच्यासारखेच सडपातळ. आणि कळपाच्या मध्ये, कडेला नव्हे, एक तरस चाललंय. कुणी त्याच्यावर गुरकावत नाही. त्याची आयाळ उभी नाही.

व्लादिमीर दिनेत्स आणि बेन्यामिन एलिगुलाश्विली या दोघांनी या दोन्ही नोंदी २०१६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांनी मांडलेला तर्क हिशेबाचा आहे. लांडगे चपळ, त्यांना मोठी शिकार पाडता येते. तरसाचं नाक तिखट, त्याला लांबवरचं कुजकं सापडतं, पुरलेलं उकरता येतं, हाडं फोडता येतात. या वाळवंटात दोघांनाही पोट भरणं अवघड. म्हणून एकमेकांचा उपयोग झाला असावा. ही सगळीकडची रीत आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही. दोन नोंदींवर नियम बांधता येत नाही, ते पाणिनीचं काम. इतर ठिकाणी हीच जनावरं एका बैलावरून गुरकावतात, ते तुम्ही पाहिलंच.

पण एवढं लक्षात घ्या. ७२ च्या ओढ्यात आणि या घळीत जनावरं तीच, दात तेच. दोन्हीकडे त्यांना निघून जाण्याची मुभा होती. निघून जाता येत असेल तर थांबताही येतं, आणि सोबत चालताही येतं. साखळीला बांधलेल्या दोघांना यातलं काहीच उरत नाही.

वाळूतल्या त्या एकात एक गुंतलेल्या रेषेवरून तुम्ही बोट फिरवता. समास झालेला आहे, पण वैराचा नव्हे.

*

आज. सुपे.

पेला अजून कोमट आहे. मित्र मोबाइलमध्ये काहीतरी शोधतोय. आबा उठून टपरीमागं गेलेत. तुम्हीही जाता.

पडीक रानात मेखा ठोकून वाघर लावलीय, दोरीच्या जाळीचं गोल कुंपण. आत मेंढरं दाटीवाटीनं बसलीत. उबेचा, लेंड्यांचा, लोकरीचा वास. बाहेर कुत्रं बसलंय, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. लांडगा गळ्याला धरतो म्हणून हा पट्टा.

"लांडगा कधी आत शिरला होता का?" तुम्ही विचारता.

"शिरला व्हता. एका रातीत अकरा मारली. खाल्लं येकच." आबा मेख ठोकता ठोकता थांबतात. "लोक म्हणाले, लई खुनशी लांडगा. मी म्हनलं, खुनशी कशाचा? रानात त्यो येक धरतो, बाकीची पांगत्यात. वाघरीत पांगायला जागाच न्हाई. त्याच्या म्होरं धडपडत्यात, त्यो धरत ऱ्हातो. लांडगा त्योच, दात तेच." ते जाळीवर हात ठेवतात. "वाघर म्या बांदली व्हती."

दूर ओढ्याकडून एक आवाज येतो. कुत्रं उठतं, वीस पावलं धावत जातं, थांबून भुंकतं. अंधारात दोन हिरवे ठिपके वीस पावलं मागं सरकतात. कुत्रं परत येऊन बसतं. तुम्हाला आता यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही.

"अरे, सापडलं!" टपरीवरून मित्र ओरडतो. "ये लवकर. कुठलातरी परदेशातला व्हिडिओ आहे. खरी झुंज, कोल्हा आणि बॅजर. आज निकाल लागणार."

तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघता. पडद्यावर धूळ, केस, दात. आवाज बंद केलेला. दोन जनावरं एकमेकांना फाडतायत आणि मित्र श्वास रोखून विचारतो, "बोल, कुणावर लावतोस?"

तुमची नजर मात्र जनावरांवर ठरत नाही. ती चौकटीच्या कडेकडेनं फिरते, दार शोधत. दार कुठंच नाही. वर डावीकडे फळ्यांची कड दिसते, आणि फळ्यांच्या वर, एका ओळीत, माणसांचे बूट.